परीक्षा सायकलची होती



हल्ली घरोघरची तरुण पोरं जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन रविवारी पहाटे घाटात जातात. या 'माउंटन बाईक'चा इतिहास कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीपासून सांगायची पद्धत आहे. १९७० च्या दशकात तिथल्या तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडल्या, १९७६ मध्ये शर्यती भरवल्या आणि १९७७ मध्ये जो ब्रीझ याने त्यासाठी खास सांगाडा बनवला. हे सगळं खरंच आहे. पण त्याच्या ऐंशी वर्षं आधी माणसांचा एक चमू सायकली घेऊन डोंगरातल्या तळ्यांच्या मुलखात शिरला होता. तेही हौस म्हणून नव्हे, हुकूम म्हणून!

साल १८९६. अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यात मिझुला गावाजवळ फोर्ट मिझुला नावाची लष्करी छावणी होती आणि तिथे २५ वी पायदळ पलटण होती. या पलटणीतले सगळे शिपाई कृष्णवर्णीय, तर वरचे अधिकारी गोरे. यादवी युद्ध संपून, गुलामगिरी कायद्याने जाऊन एकतीस वर्षं झाली होती. आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकात धडा तिथेच संपत असे. पुढची गोष्ट अशी की त्याच १८९६ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे, पण समान' म्हणत काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे ठेवायला मान्यता दिली. म्हणजे देशासाठी बंदूक उचलणाऱ्याला त्याच देशात शेजारच्या बाकावर बसायची मुभा नव्हती.

या पलटणीत जेम्स मॉस नावाचा तरुण लेफ्टनंट होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८९४ साली बाहेर पडलेला, आणि वर्गात शेवटचा नंबर! (शेवटच्या बाकावरच्या मुलांबद्दल माझं मत आधीपासूनच चांगलं आहे.) त्याचं म्हणणं साधं होतं. घोड्याला दाणा-वैरण लागते, पाणी लागतं, तो आजारी पडतो. सायकलला यातलं काही लागत नाही, आणि ती आवाजही करत नाही. मग शिपायांना सायकली का देऊ नयेत? सेनापती नेल्सन माइल्स यांनी परवानगी दिली आणि स्पॉल्डिंग कंपनीने सायकली पुरवल्या.

आठ शिपाई निवडले गेले. त्यांची नावं इथे लिहितो, कारण शिक्षकाला हजेरी घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही : सार्जंट डाल्बर्ट ग्रीन, कॉर्पोरल जॉन विल्यम्स, वादक विल्यम ब्राउन, आणि शिपाई फ्रँक जॉन्सन, विल्यम प्रॉक्टर, विल्यम हेन्स, एल्वुड फोरमन, जॉन फिंडली. यातला फिंडली पूर्वी शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केलेला, म्हणून दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर.

६ ऑगस्टला ही मंडळी निघाली ती उत्तरेकडे, मिशन पर्वतरांगेच्या पायथ्याच्या मॅकडोनाल्ड तळ्याकडे. हा मुलूख हिमनद्यांनी घडवलेला. बर्फ वितळून गेलं आणि खोऱ्यात जागोजागी पाण्याची डबकी, तळी मागे राहिली. पूर्वेला उंच डोंगर, झाडी, आणि त्यातून घोडागाड्यांनी उखणलेल्या वाटा. ही जमीन सॅलिश आणि कूटनाय या मूळ रहिवाशांसाठी १८५५ च्या तहाने 'राखीव' ठेवलेली होती. एकाच्या वाट्याला उरलेल्या जमिनीवरून, दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या चाकरीची ही सहल...

हँडलवर वळकटी, सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात शिध्याची पेटी, अंगावर रायफल आणि काडतुसं. गिअर नाहीत. पावसाने गाठलं आणि चिखल सुरू झाला. आमच्या काळ्या मातीत ज्यांनी पावसाळ्यात सायकल चालवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चाकाला चिखलाचे थर बसत जातात, चाक फिरेनासं होतं आणि मग सायकल आपल्यावर बसते! या लोकांनी सायकली ढकलल्या, आडवी पडलेली झाडं ओलांडली, ओढ्यांतून सायकली उचलून नेल्या. चार दिवसांत १२६ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर, पुरे करून ते परतले.

आठवडाभरात पुन्हा निघाले, या खेपेला यलोस्टोनला. जाऊन-येऊन सुमारे आठशे मैल. तिथल्या मिनर्व्हा टेरेसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पांढऱ्या खडकावर सायकली घेऊन उभ्या असलेल्या या शिपायांचा फोटो प्रसिद्ध आहे. पुढच्या वर्षी तर १४ जून ते २४ जुलै १८९७ या काळात वीस शिपायांनी मिझुला ते सेंट लुईस हे १९०० मैल पार केले. नेब्रास्काच्या वाळूत सायकली रुतल्या, खारट पाण्याने माणसं आजारी पडली, तरी पोचले.

मॉसने अहवाल लिहिले. मैल, तास, वजन, पंक्चर, सगळं त्यात आहे. सायकल उपयोगी आहे, असा त्याचा निष्कर्ष. लष्कराने तो मनावर घेतला नाही. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं, पलटण क्युबाला गेली आणि प्रयोग संपला.

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. परीक्षा सायकलची होती, पण घाटात ती ढकलली कोणी? यंत्र अडलं तिथे माणसं चालली. मग गुण कोणाला द्यायचे? अहवालात सायकलचे गुण मांडले गेले. माणसांच्या खात्यावर काय जमा झालं ते मिंगो सँडर्सच्या गोष्टीवरून कळतं. सेंट लुईसच्या सफरीत मॉसच्या खालोखाल जबाबदारी या सार्जंटवर होती. एका डोळ्याने अधू, चाळिशीला टेकलेला, तरी शेवटपर्यंत पोचला.

१९०६ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला. आळ या पलटणीच्या शिपायांवर आला. शिपाई त्या वेळी बराकीतच होते, असं त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी खटला न चालवता १६७ जणांना बडतर्फ केलं. त्यात सव्वीस वर्षं नोकरी झालेला, पेन्शनच्या उंबरठ्यावरचा सँडर्सही होता. १९७२ मध्ये लष्कराने हा निर्णय फिरवला. सँडर्स १९२९ मध्येच वारला होता.

पेन्शन म्हणजे फक्त पैसे नव्हेत, हे मी आता पेन्शनर झाल्यावर जास्त समजतो. 'तुझी इतकी वर्षं आमच्या लेखी मोजली गेली' असं कोणीतरी दर महिन्याला सांगत असतं. ते सँडर्सला कोणी सांगितलं नाही.

१९७४ साली मॉन्टाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सायकलवरून तीच सेंट लुईसची वाट पुन्हा तुडवली. मैल तेच होते, पण या वेळी मोजायची होती ती माणसं. उशीर झाला खरा, पण हजेरी घेतली गेली, हे मला बरं वाटलं.