सुवर्णशोधातील धातुशोधकाची वारंवारता

धातुशोधक यंत्राने जमिनीतील नैसर्गिक सोने शोधताना कोणती वारंवारता निवडावी, हे सुवर्णकणांचा आकार आणि मातीतील खनिजे यांवरून ठरते. यंत्राच्या कॉइलमधून निघणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरा प्रवाह निर्माण होतात. त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपते.

कणांचा आकार
लहान कणांतील भोवरा प्रवाह क्षणार्धात विरतात, म्हणून त्यांच्यासाठी उच्च वारंवारता लागते. फिशरचे ‘गोल्ड बग २’ हे यंत्र ७१, तर माइनलॅबचे ‘गोल्ड मॉन्स्टर १०००’ हे ४५ किलोहर्ट्झवर चालते. मोठे सुवर्णखंड निम्न वारंवारतेलाही स्पष्ट प्रतिसाद देतात.

मातीचा परिणाम
ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात किंगोअरजवळ १९८० मध्ये ‘हँड ऑफ फेथ’ हा सुमारे २७ किलोग्रॅमचा सुवर्णखंड धातुशोधकाने सापडला. तेथील सुवर्णक्षेत्रांत अनेक ठिकाणी माती लोहखनिजयुक्त आहे. अशा मातीच्या संकेतात सोन्याचा क्षीण संकेत लोपतो आणि उच्च वारंवारतेच्या यंत्रांना ही अडचण अधिक जाणवते. म्हणून तेथे पल्स इंडक्शन यंत्रे वापरतात. ती अखंड लहरीऐवजी प्रवाहाचे अल्पकालीन स्पंद सोडतात व प्रत्येक स्पंदानंतर उरलेला संकेत मोजतात. मातीचा अडथळा त्यामुळे बराच घटतो. मात्र अतिसूक्ष्म कणांचा संकेत मोजणीपूर्वीच विरू शकतो आणि लोखंडी भंगार वेगळे ओळखणे कठीण जाते.