बेचिराख : एका विशेषणाच्या शोधात

इंग्रजी इतिहासग्रंथांचे भाषांतर करू जाणाऱ्यास 'टम्युल्चुअस' हे विशेषण हमखास आडवे येते. कोशात 'खळबळजनक', 'वादळी', 'गोंधळाचा' असे पर्याय सापडतात. त्यांपैकी 'वादळी' वृत्तपत्रांनी विधिमंडळाच्या अधिवेशनांसाठी इतका वापरला आहे की आता त्यात वाराही उरलेला नाही.

मूळ लॅटिन 'टुमुल्टुस' मात्र फार नेमका होता. परमुलखातील लढाईला रोमन लोक साधे युद्ध म्हणत. इटलीतच पेटलेल्या वा उंबरठ्यावरच्या गॉल लोकांनी उभ्या केलेल्या संकटाला 'टुमुल्टुस'. ते जाहीर झाले की न्यायालये बंद होत आणि सैन्यसेवेतली सूट रद्द होई. इ. स. पू. ४३ मध्ये सिसेरोने सेनेटमध्ये यावरच वाद घातला : टुमुल्टुसाविना युद्ध असू शकते, युद्धाविना टुमुल्टुस नाही. म्हणजे हा शब्द युद्धाहून भारी, कारण तो घराजवळचा. पुढे इंग्रजीत तो कायद्यात शिरला (१६६१ चा गर्दी जमवून अर्ज करण्याविरुद्धचा कायदा प्रसिद्धच आहे) आणि अखेर टाळ्यांच्या कडकडाटालाही लागू लागला. आपल्या 'धामधुमी'चे तेच झाले. जुन्या मराठी पत्रव्यवहारात धामधूम म्हणजे फौजांची धावपळ, लूट, रयतेची पळापळ. आज ती लग्नाच्या मांडवात असते.

मावळात हा शब्दार्थ तपासून पाहता येतो. नोव्हेंबर १७७८ मध्ये राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज निघाली. बोरघाट चढून खंडाळा, कार्ले करीत ९ जानेवारी १७७९ रोजी ती तळेगावास पोहोचली. सोबत एकोणीस हजारांच्या आसपास बैल होते, त्यामुळे चाल मुंगीची. तळेगावात तिला दाणा मिळाला नाही, वैरण मिळाली नाही. गाव जाळून रिकामे केलेले होते. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या बाजूचा हा डाव होता आणि तो अचूक पडला. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून इंग्रज मागे फिरले, वडगावात कोंडले गेले आणि तहावर सही करून सुटले. मुंबई सरकारने तो तह पुढे मानला नाही, ही गोष्ट वेगळी.

वडगावचा विजय आम्ही शाळेपासून अभिमानाने वाचत आलो आणि तो अभिमान सोडण्याचे कारणही नाही. पण तळेगावची घरे कोणाची होती? पौष महिन्यात, खळी नुकतीच झाल्यावर, पेटवलेले धान्य कोणाचे होते? इंग्रज इतिहासकाराला तो 'टम्युल्चुअस' काळ वाटला, आमच्यांना पराक्रमाचा. दोघांचेही विशेषण काळाला लागते, गावाला नाही. शत्रूच्या वाट्याला मात्र आमच्या लोकांनी विशेषण दिले : कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने पडलेला कॅप्टन स्टुअर्ट 'इष्टुर फाकडा' झाला आणि वडगावात त्याचे स्मारक आहे. एवढ्या मोठ्या मनाच्या भाषेला जळालेल्या गावासाठी शब्द नव्हता काय?

होता. 'बेचिराख'. आज कानाला त्यात 'राख' ऐकू येते आणि आपण तो जळण्याशी जोडतो. मूळ फारसी 'बे-चिराग' : जिथे दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला ते विशेषण लागे. ते कारण विचारत नाही. मोगल आले, इंग्रज आले, की आपल्याच सरकारने चूड लावली, याची चौकशी करीत नाही. संध्याकाळी तिथे दिवा दिसतो की नाही एवढेच पाहते. 'टम्युल्चुअस'च्या शेजारी ठेवायला याहून खरा शब्द आम्हास माहीत नाही, जरी कोशकार तो मान्य करणार नाहीत.

विसाव्या शतकात मावळाला याच जातीचे आणखी एक विशेषण मिळाले : 'बुडीत'. लोणावळा, वळवण, शिरवता येथील टाटांच्या तलावांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. दिवे मुंबईत लागले. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तरी धरण झालेच. पुढे पवना धरण आले. 'बुडीत क्षेत्र' हा शब्द सरकारी कागदात निर्विकारपणे येतो, बँकेच्या बुडीत कर्जासारखा. बुडवले कोणी, हे त्या कृदंतात सांगावे लागत नाही.

९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ उतरले. अशा प्रसंगी आमच्या वृत्तपत्रांची भाषा ठरलेली असते : आंदोलनाला 'हिंसक वळण लागले'. वळण आपोआप लागते, जशी थंडी लागते. त्या दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि मावळातले तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती.