प्यादं एकच घर

अब्बांनी मला बुद्धिबळ शिकवलं ते देशी पद्धतीचं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, त्यामुळे डाव बैलगाडीच्या गतीनं उभा राहायचा. मीर सुलतान खानलाही त्याच्या वडिलांनी हाच खेळ शिकवला होता. पंजाबातल्या मिठा टिवाणाचा हा तरुण सर उमर हयात खान यांच्याबरोबर १९२९ मध्ये लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला! विलायती नियम त्याला नव्यानं शिकावे लागले होते. तिथले खेळाडू सुरुवातीच्या चाली पुस्तकांतून घोकून येत. याची अडचण नेमकी तिथंच व्हायची.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याच्यासमोर बसला क्युबाचा कापाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातला जगज्जेता. तिकडे लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. काळी मोहरी घेतलेल्या कापाब्लांकानं 'क्वीन्स इंडियन' बचाव निवडला. या नावातलं 'इंडियन' आलं कुठून? १८५० च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे कॉक्रेन नावाच्या साहेबाशी खेळत. देशी सवयीनं प्यादी एकेक घर सरकवायची आणि उंट बाजूनं लांबच्या तिरक्या रेषेवर बसवायचा, ही त्यांची तऱ्हा. अशा बचावांना पुढं 'इंडियन' नाव पडलं. आपल्याकडची चाल युरोप हिंडून सुलतान खानसमोर आली ती अशी.

त्यानं पाचव्या चालीला वजिराच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं पुढं केलं. एकच घर. काळ्या उंटानं येऊन घोड्याला जखडू नये, एवढाच हेतू. हीच मांडणी पुढं पेट्रोशियनच्या नावानं प्रसिद्ध झाली, कास्पारोवनं १९८० च्या दशकात तिच्यावर डाव जिंकले. नाव सुलतान खानचं दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती आत घुसले तेव्हा सुलतान खाननं वजीर दिला आणि बदल्यात ते दोन हत्ती घेतले. पट प्याद्यांनी असा कोंडला होता की काळ्या वजिराला धड वाटच सापडेना. पांढरे हत्ती मात्र सावकाश फास आवळत गेले. डाव पासष्ट चालींवर संपला. सुलतान खान स्पर्धेत तिसरा आला. पहिला मॅक्स युवे, दुसरा कापाब्लांका.

१९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवून तो परतला. त्याला 'नोकर' म्हणणाऱ्या लिखाणावर अलीकडे त्याच्या कुटुंबीयांनी आक्षेप घेतला, तो मला रास्त वाटतो. जागतिक संघटनेनं १९५० मध्ये ग्रँडमास्टर किताब दिले, त्या यादीत त्याचं नाव नव्हतं. १९६६ मध्ये पाकिस्तानातल्या सरगोध्यात तो वारला. मानद ग्रँडमास्टर किताब आला २०२४ मध्ये.