बाग, रान आणि ‘मोकळी जागा’ : मुंबईच्या उपनगरांतील हिरवाईचा इतिहास

मुंबईतील सार्वजनिक बागांचा विचार सुरू झाला की राणीची बाग, मलबार टेकडीवरचे हँगिंग गार्डन आणि १९२५ चे शिवाजी पार्क ही नावे प्रथम समोर येतात. ही तिन्ही स्थळे जुन्या शहराच्या हद्दीतली. कोणीतरी ठरवून, आखून, खर्च करून ती निर्माण केली आणि त्यांच्या निर्मितीचे श्रेय घेणारेही होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांची गोष्ट निराळी आहे. येथे महापालिकेची छोटी उद्याने आहेत, आचार्य अत्रे मैदानासारखी सभांची आणि खेळांची मैदाने आहेत. पण नकाशात या भागाच्या मधोमध जो हिरवा पट्टा दिसतो, तो बाग म्हणून कोणी लावलेला नाही. तो पाण्यासाठी राखला गेला, दुधासाठी राखला गेला, आणि त्या गरजा जसजशा पालटल्या तसतशी त्याची नावेही पालटली. प्रस्तुत लेखात आम्ही या नावांच्या मागोव्याने उपनगरांच्या हिरवाईचा इतिहास पाहू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकाने उद्यानांच्या इतिहासात का शिरावे, या प्रश्नाचे उत्तर याच मागोव्यात सापडेल असे आम्हांला वाटते.

प्रारंभी शब्दांकडेच पाहू. ‘बाग’ आणि ‘मैदान’ हे शब्द फारसीतून मराठीत आले आणि इतके रुळले की त्यांचे परकेपण आज कोणाला जाणवत नाही. ‘उद्यान’ हा संस्कृत शब्द. त्याच्या मुळाशी बाहेर पडण्याची, नगराबाहेर विहाराला जाण्याची कल्पना आहे. ‘रान’ हा शब्द ‘अरण्या’चा घरगुती अवतार. या चार शब्दांत माणसाचे जमिनीशी चार वेगळे संबंध आहेत. बागेला माळी लागतो, मैदानाला खेळणारे लागतात, उद्यानाला विहार करणारे लागतात. रानाला मात्र यांपैकी कोणाचीच गरज नसते. ते स्वतःच वाढते, आणि त्यात राहणारी माणसे त्याचाच भाग असतात.

उपनगरांची भूमी मुळात साष्टीची. ‘साष्टी’ या नावाचा संबंध परंपरेने सहासष्ट गावांशी जोडला जातो. बोरिवलीत बोर, चिंचोलीत चिंच, आंबोलीत आंबा आजही ऐकू येतो. या बेटाच्या मध्यभागी कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास त्यांचा आरंभ झाला आणि पुढे सुमारे हजार वर्षे तेथे वस्ती, दान आणि कोरीव काम चालू राहिले. तेथील प्राकृत शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांची नावे येतात आणि दानाच्या वस्तूंत लेण्यांबरोबर ‘पोढि’ हा शब्द येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. आम्हांला हा शब्द फार मोलाचा वाटतो. या डोंगराचे महत्त्व पाण्यात आहे, हे या शब्दाने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवले आहे.

इंग्रजी राजवटीला हेच सत्य तहानेने शिकवले. विहिरी आणि तळी वाढत्या शहराला पुरेनात, तेव्हा साष्टीच्या डोंगरांत मिठी नदीच्या उगमाकडे विहारचे धरण बांधण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने मुंबईत पोहोचले. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले, तेव्हा शहर हे पाणी पिऊ लागून तीन वर्षे झाली होती. परंतु जेथून ते येई ती साष्टी मुंबईत मोडत नव्हती, ठाणे जिल्ह्यात होती. पुढे १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तलावात पाणी स्वच्छ यायचे तर भोवतालच्या डोंगरउतारांवर झाडी हवी, वस्ती आणि शेती नको, असा साधा हिशेब होता. मलबार टेकडीवरचे हँगिंग गार्डनसुद्धा पाण्याच्या झाकलेल्या टाकीवर वसवलेले आहे, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे. मुंबईत हिरवळीच्या तळाशी पाणी शोधले तर ते बहुधा सापडते.

या विधानाची कसोटी पवई तलाव पुरवतो. तो १८९१ च्या सुमारास पूर्ण झाला, पण त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. विहार-तुळशीभोवती आज रान आहे. पवईभोवती नगर आहे. शेजारशेजारच्या, एकाच शतकात बांधलेल्या या तलावांच्या काठांत एवढा फरक पडावा, हा निव्वळ योगायोग मानण्यास आम्ही तयार नाही. ज्या पाण्याची गरज उरली नाही, त्याच्या भोवतीच्या डोंगरांची राखणही तितक्या निगुतीने झाली नाही.

येथे समुद्रकाठच्या एका दूरच्या शहराशी तुलना उपयोगी पडेल. विहारचे काम चालू असतानाच, १८५९ मध्ये, भूमध्य समुद्राच्या काठावरील बार्सिलोना शहराच्या विस्तारासाठी इल्देफोन्स सेर्दा याचा आराखडा मंजूर झाला. प्रत्येक चौकोनी वसाहतीच्या दोन-तीन बाजूंनाच इमारती असाव्यात आणि मध्ये सर्वांसाठी बाग असावी, अशी त्याची योजना होती. पुढील शतकभरात जमिनीचे मोल वाढत गेले, चारही बाजू बांधल्या गेल्या आणि मधल्या बागा कारखान्यांनी व गुदामांनी भरल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांतली काही अंगणे पुन्हा खुली करण्याचे प्रयत्न झाले. तेथे कागदावर लिहिलेली बाग जमिनीवर टिकली नाही. आपल्याकडे जे जमिनीवर टिकले ते कागदावर बाग म्हणून लिहिलेलेच नव्हते. दोन्हींकडचा धडा एकच : हिरवाईला टिकण्यासाठी सौंदर्याहून अधिक निकडीचे कारण लागते, आणि ते कारण संपले की तिची कसोटी लागते.

स्वातंत्र्यानंतर दुधाचे कारण पुढे आले. शहरातील गोठ्यांतल्या म्हशी बाहेर हलवून लोकांना स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे १३०० हेक्टर जमीन गोठ्यांसाठी आणि गवतासाठी राखली गेली. याच सुमारास, १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत, मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, आणि काल शहराबाहेर असलेले रान आज शहराच्या मध्यावर आले. आमच्या पिढीला आरे कळले ते शाळेच्या सहलीतून, ‘छोटा काश्मीर’ या नावाने. पुढे दूध दूरच्या जिल्ह्यांतून येऊ लागले, आणि आरेची जमीन एकेका कामासाठी दिली जाऊ लागली. १९७७ मध्ये चित्रनगरी झाली. इतर संस्थांनाही जागा मिळाल्या.

पाण्याच्या बाबतीतही असेच घडले. तानसा, वैतरणा, भातसा येथून पाणी येऊ लागल्यावर शहराच्या गरजेत विहार-तुळशीचा वाटा अगदी अल्प उरला. मात्र तोवर त्या रानाला कायद्याचे कवच लाभले होते. कान्हेरीच्या जुन्या नावावरून आलेले ‘कृष्णगिरी’, मग ‘बोरिवली’, आणि १९८० मध्ये निधन पावलेल्या संजय गांधी यांच्या स्मरणार्थ दिलेले आजचे नाव, अशी राष्ट्रीय उद्यानाची नावे बदलत गेली आणि क्षेत्र वाढत १०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. प्रवेशद्वाराजवळच्या भागाला अजूनही ‘कृष्णगिरी उपवन’ म्हणतात. ‘उपनगर’ आणि ‘उपवन’ या दोन शब्दांतला ‘उप’ एकच आहे : जवळचे, पण मूळ नव्हे.

या सर्व नावांत एक नाव सहसा येत नाही, ते म्हणजे ‘पाडा’. केल्टीपाडा, जिवाचा पाडा, चाफ्याचा पाडा अशा वस्त्या आरेत आणि राष्ट्रीय उद्यानात आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी ही माणसे तेथे राहतात. बिबट्याचे भय वाटत असूनही त्याला वाघोबा म्हणून पूजण्याची वारल्यांची रीत आहे. १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली आणि १९९७ मध्ये ती हटवण्याचे आदेश निघाले. वन वाचवण्याचा हेतू रास्त होता. परंतु ‘अतिक्रमण’ या एका शब्दाच्या छत्राखाली कालपरवा आलेला झोपडीवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आदिवासी हे दोघे उभे केले गेले, की त्यांना वेगळे करणे कठीण होते. राखणाऱ्या हातांनीही शब्द जपून वापरावेत, एवढे यावरून म्हणता येईल.

शब्दांचा हा झगडा आरेत पराकोटीला पोहोचला. मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडायची होती. वादातील एक मुख्य प्रश्न अर्थाचा होता : आरे हे ‘वन’ आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ हा शब्द शब्दकोशातील अर्थाने घ्यावा, असे सांगितले होते. कोशाला न्यायालयात असे स्थान मिळाल्याचे उदाहरण भाषेच्या शिक्षकाने विसरू नये. तथापि ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली तोवर बहुतेक झाडे पडली होती. २०२० मध्ये राज्य शासनाने त्याच आरेतील ८०० एकरांहून अधिक जमीन राखीव वन करण्याचे ठरवले. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा त्याच वर्षीचा निर्णय २०२२ मध्ये फिरला, आणि २०२४ मध्ये आरेपासून भुयारी मेट्रो धावू लागली. मेट्रोची गरज आम्ही नाकारत नाही. उपनगरांतून लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना ती नाकारता येणारही नाही. लक्षात ठेवायचे ते हे की जमीन तीच, झाडे तीच, आणि ती वन आहे की नाही हे मात्र वर्षागणिक बदलत राहिले.

शासकीय मराठीत आणखी दोन शब्द पाहावेत. पूर्वीच्या विकास आराखड्यात पुष्कळ जमीन ‘ना-विकास क्षेत्र’ म्हणून दाखवलेली होती. २०१८ मध्ये अमलात आलेल्या आराखड्याने त्यातील बऱ्याच जमिनीला ‘विशेष विकास क्षेत्र’ असे नाव दिले. ‘ना’च्या जागी ‘विशेष’ आला, आणि एका उपसर्गाच्या बदलाने जमिनीचे भवितव्य पालटले. दुसरा शब्द ‘मोकळी जागा’. मोकळी म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे कोणाचीच नाही, अशी अर्थाची घसरगुंडी त्यात दडलेली आहे. पाणी मुरवणारा उतार, गवत, पाडा, वाघोबाचे ठाणे यांनी भरलेली भूमी या एका शब्दाने रिकामी होते. जी भूमी आधी शब्दांत रिकामी होते, ती पुढे प्रत्यक्षातही रिकामी करणे सोपे जाते.

कथा-कवितांतील शब्दांच्या छटा आपण विद्यार्थ्यांना बारकाईने शिकवतो. तेच डोळे आराखड्यांकडे, अधिसूचनांकडे आणि गृहसंकुलांच्या नावांतल्या ‘गार्डन’-‘पार्क’कडेही वळावेत, अशी आमची विनंती आहे. २०२४ मध्ये गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले; हे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. पाण्याने राखलेले, दुधाने राखलेले हे रान यापुढे कोणत्या कारणाने राखले जाईल, हा प्रश्न आता उघड विचारला पाहिजे. पूर्वी ते शहराच्या गरजेने वाचले. आता ते वाचायचे असेल तर त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी लागेल, आणि त्या नावात पाडाही मोजावा लागेल.