छतावरची लोखंडी खाट : सेनापतीचा आवाज आणि त्याचा ठावठिकाणा

१/ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातील जर्मन आठचाकी चिलखती गाडीचे छायाचित्र पाहणाऱ्याची नजर प्रथम तोफेकडे जात नाही. ती खिळते छतावर, कारण तेथे गाडीच्या बहुतेक लांबीला व्यापणारी, खाटेच्या सांगाड्यासारखी नळ्यांची चौकट उभी असते. ही बिनतारी संदेशयंत्राची अँटेना. तिच्या या चमत्कारिक आकारामागे युद्धशास्त्रातील एक जुना पेच दडलेला आहे.

२/ बिनतारी येण्यापूर्वी रणांगणावर आज्ञा देणाऱ्याला दिसावेच लागे. निशाण, नगारा, हत्तीवरची अंबारी ही सारी त्याचीच साधने. १६५८ मध्ये सामूगढच्या लढाईत दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामी अंबारी दिसताच त्याच्या सैन्याचा धीर सुटला. मात्र जो आपल्या सैन्याला दिसतो, तो शत्रूलाही दिसतो.

३/ हा पेच बिनतारी सोडवील, अशी आशा होती. १९३१ मध्ये इंग्लंडच्या सॅलिस्बरी मैदानावर चार्ल्स ब्रॉड यांनी बिनतारी आज्ञांच्या बळावर अख्खी रणगाडा ब्रिगेड धुक्यातून शिस्तीत नेऊन दाखवली. जर्मनीत हाच आग्रह हाइन्झ गुडेरियान यांनी धरला. १९१४ मध्ये ते घोडदळाच्या एका डिव्हिजनबरोबर बिनतारी केंद्राचे अधिकारी होते. संदेश वेळेवर न पोहोचल्यास काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

४/ अडचण होती ती पदार्थविज्ञानाची. उभी अँटेना तरंगलांबीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी उंच असेल, तर ती उत्तम काम देते. जर्मन रणगाडे आपापसांत सुमारे ३० मेगाहर्ट्झवर बोलत. तेथे तरंगलांबी १० मीटर, म्हणजे चौथा हिस्सा अडीच मीटर. त्यामुळे २ मीटरची साधी छडी पुरत असे. तिचा पल्ला मात्र काही किलोमीटरच.

५/ वरिष्ठ मुख्यालयाशी दूरवर बोलण्यासाठी १ ते ३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापराव्या लागत. १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा ७५ मीटर! झाडांच्या फांद्या, पूल आणि तारा यांखालून धावणाऱ्या गाडीच्या माथ्यावर एवढे काही उभारणे अशक्यच होते.

६/ मग पर्याय तीन उरत. पहिला, घडीचा उंच डोलखांब. त्याने पल्ला वाढे, पण गाडी थांबल्यावरच तो उभारता येई, आणि या सैन्याचा सारा भर तर धावता धावता आज्ञा देण्यावर होता. दुसरा, तोकडी छडी. या लांब लहरींवर तिला दिलेली बरीचशी शक्ती उष्णतेतच विरून जाई. तिसरा पर्याय चौकटीचा.

७/ चौकटीचे तत्त्व असे : उंची वाढवता येत नसेल, तर माथा पसरवावा. आडव्या नळ्या आणि गाडीचे पोलादी अंग मिळून विद्युत् धारित्राच्या दोन पट्ट्यांसारखे वागतात. त्यामुळे मधल्या तोकड्या उभ्या भागातूनही पुरेसा प्रवाह वाहतो. पूर्ण उंचीच्या अँटेनाची सर तिला येत नाही. तरीही ३० वॉटच्या यंत्राला चालत्या गाडीतून दूरवर बोलता येऊ लागले, आणि छताची उंचीही आवाक्यात राहिली.

८/ पुढचा प्रश्न तोफेचा. चौकट छत व्यापते, मग बुरूज फिरणार कसा? आठचाकी 'एसडी केएफझेड २३२' वर चौकटीचा पुढचा आधार बुरुजाच्या माथ्यावरील फिरत्या खुंटीवर बसवला गेला. चौकट स्थिर राही आणि तिच्याखाली बुरूज फिरे.

९/ छडीचीही अडचण होतीच. पँझर-४ च्या सुरुवातीच्या प्रकारांत तोफेच्या नळीखाली एक खास पट्टी बसवलेली असे. बुरूज वळताना ती छडीला बाजूला लोटून आडवी पाडी, म्हणजे नळी छडीवर आदळत नसे.

१०/ पँझर-३ वर बेतलेल्या सेनापती-रणगाड्यात तडजोड आणखी कठोर होती. इंजिनावर चौकट आली. आत यंत्रे, नकाशे आणि माणसे यांना जागा हवी, म्हणून बुरूज घट्ट जखडण्यात आला, आणि खरी तोफ काढून तिच्या जागी खोटी नळी लावण्यात आली. स्वसंरक्षणाला उरली ती मशिनगन. आवाजाची किंमत शस्त्राने चुकवली गेली.

११/ मे १९४० मध्ये फ्रान्सच्या मोहिमेत या व्यवस्थेचे फळ दिसले. गुडेरियान चिलखती अर्धपट्टा गाडीत उभे आहेत आणि समोर एनिग्मा यंत्र आहे, हे छायाचित्र प्रसिद्धच आहे. मागे न थांबता, आघाडीबरोबर राहून ते कोअरला आज्ञा देऊ शकत होते. उलट फ्रान्सच्या आर-३५ जातीच्या बहुतेक रणगाड्यांत बिनतारी यंत्रच नव्हते.

१२/ पण जुना पेच याच छतावरून परतला. चौकट असलेली गाडी म्हणजे अधिकाऱ्याची किंवा संदेशवहनाची गाडी, हे शत्रूच्या निरीक्षकाला दुर्बिणीतून सहज कळे. खोटी तोफ जे लपवू पाहत होती, ते चौकट जाहीर करत होती. अंबारी पुन्हा उभी राहिली होती, आता नळ्यांची.

१३/ सोव्हिएत सैन्यानेही हेच भोगले. टी-२६ आणि बीटी-५ रणगाड्यांपैकी बिनतारी असलेल्यांच्या बुरुजाभोवती कठड्यासारखी अँटेना असे, इतरांचे बुरूज मोकळे असत. शत्रूच्या तोफचीला आधी कोणावर नेम धरावा, हे वेगळे सांगावे लागत नसे. दशकाच्या अखेरीस कठड्याची जागा लवचीक छडीने घेतली.

१४/ जर्मनांनी १९४२ च्या सुमारास चौकटी हटवायला सुरुवात केली. तिच्या जागी तारकाकृती अँटेना आली : एक उभी छडी, आणि तिच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बारीक सळया. माथा पसरवण्याचे तत्त्व तेच. फरक इतकाच की, दुरून ती सहजासहजी नजरेत भरत नसे. पुढच्या सेनापती-रणगाड्यांना खरी तोफही परत मिळाली.

१५/ तेव्हा अँटेनाची निवड केवळ पल्ल्याच्या हिशेबाने होत नव्हती. फांदीला अडकणार नाही, तोफेला आडवी येणार नाही आणि शेजारच्या गाडीहून वेगळी दिसणार नाही, अशी ती हवी होती. पहिल्या दोन अटी अभियंत्यांनी कागदावर सोडवल्या. तिसरीची किंमत मात्र त्या छताखाली बसलेल्या माणसांनी मोजली.