डॉक्टरांच्या काठीवर साप किती?

डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर चिकटवलेलं ते चिन्ह तुम्ही नक्की पाहिलं असेल. मध्ये काठी, तिला वेटोळे घालून वर चढलेले दोन साप आणि टोकाला पंख. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की बोर्डावर, फाईलवर नीट बघा आणि साप मोजा. दोन साप आणि पंख असतील, तर ते चिन्ह मुळात वैद्यकाचं नाहीच! माझ्या पहिल्या लेटरपॅडवरही कित्येक वर्षं तेच होतं, त्यामुळे दुसऱ्यांना हसायचा अधिकार मला नाही.

ग्रीकांचा वैद्यकाचा देव म्हणजे अपोलोचा मुलगा अॅस्क्लेपिअस. त्याच्या हातात साधी ओबडधोबड काठी असते, तिच्यावर एकच साप. पंख नाहीत. ग्रीसमध्ये एपिडॉरस इथे त्याचं मोठं देवस्थान होतं. रुग्ण रात्री तिथे झोपत आणि देव स्वप्नात येऊन बरं करतो किंवा उपाय सांगतो, अशी त्यांची श्रद्धा होती. कोण कशातून बरं झालं याचे शिलालेखही तिथे सापडले आहेत. (आजच्या 'पेशंट रिव्ह्यू'सारखेच, आणि बहुधा तितकेच एकतर्फी!) मंदिरात बिनविषारी साप असत. कात टाकून साप पुन्हा नवा होतो, म्हणून तो बरं होण्याची खूण मानला गेला, असं सहसा सांगतात.

इ.स.पू. 293 मध्ये रोममध्ये साथ पसरली, तेव्हा रोमन लोकांनी एपिडॉरसला माणसं पाठवली. कथा अशी, की परतताना देवाचा साप जहाजावर चढला आणि टायबर नदीतल्या बेटावर उतरला. तिथे देऊळ बांधलं गेलं. त्या बेटावर आजही रुग्णालय आहे.

काठीवरचा साप म्हणजे मुळात नारूचा किडा, असंही तुम्ही वाचलं असेल. नारू काडीवर गुंडाळत हळूहळू बाहेर काढत, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल, म्हणून ही कल्पना पटकन पटते. पण जुन्या ग्रीक लेखनात तिला आधार मिळत नाही.

मग दोन साप कुणाचे? हर्मीसचे, म्हणजे रोमन लोकांच्या मर्क्युरीचे. हा देवांचा निरोप्या. व्यापारी, प्रवासी आणि चोर यांचा पाठीराखा. शिवाय मेलेल्यांचे आत्मे पाताळात पोचवायचं कामही त्याच्याकडेच. दवाखान्याच्या दारावर हा देव? 1902 मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने त्याची काठी आपल्या गणवेशावर घेतली आणि तिथून हा घोळ फार फोफावला. जागतिक आरोग्य संघटनेचं चिन्ह मात्र बरोबर आहे, तिथे एकच साप दिसेल.

पेशंटला ग्राहक समजणाऱ्या काही ठिकाणी व्यापाऱ्यांचा देव शोभतोही, हे मी जरा रागानेच लिहितोय.

चूक कळल्यावर मी प्रेसवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "डॉक्टर, एक साप काढतो, पण पंखांचं काय करू?"

म्हटलं, "तेही काढ."