सुरकुत्या आणि भिंगाचा दोष

१८६०च्या दशकातल्या छायाचित्रांत म्हातारी माणसे आहेत त्याहून म्हातारी दिसतात. ओल्या कलोडियनच्या काचेवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई, तांबड्याचा जवळजवळ नाहीच. त्यामुळे गालांची लाली, वयाचे तपकिरी डाग सारे काळपट उमटे, सुरकुत्या खोल भासत. (निळ्या जिलेटिन कागदातून आपलाच हात पाहा!)

उपाय सापडला भिंगात. गोलीय भिंगाच्या कडेचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात. हा दोष घालवण्यासाठी भिंगकार झटत. १८६६ साली लंडनच्या डालमायर यांनी मात्र मागचे भिंग थोडे फिरवून तो हवा तेवढा परत आणण्याची सोय केली. मग रेखीव प्रतिमेवर एक पुसट प्रतिमा चढते. सुरकुत्या राहतात, पण बोचत नाहीत.

कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चित्रांतली धूसरता वेगळ्या कारणांनी येई : काही मिनिटांचे प्रकाशन आणि काटेकोर फोकसचा कंटाळा. छायाचित्रणाच्या नियतकालिकांनी तिला अडाणीपणा ठरवले. मला ते पटत नाही. १८६७ साली त्यांनी पंचाहत्तरीच्या जॉन हर्शेल यांचे चित्र घेतले. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात, हे १८१९मध्ये दाखवणारे ते हेच. चित्र मऊ आहे, आणि कपाळावरच्या सुरकुत्याही स्पष्ट मोजता येतात.